वळणावरचे लाल दिवे

चिपळूणच्या शोरूममध्ये नवी गाडी आली की विद्याधर खातू ती हौसेने घाटात चालवून बघायचे. वरच्या वळणावर ते कॅमेरा घेऊन उतरायचे आणि रिकामी स्वयंचलित गाडी एकटीच पुन्हा तिथून जायची. त्यांच्या प्रत्येक फोटोत गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले असत. इथेच एका गाडीने त्यांच्या मुलीला, केतकीला उडवलं होतं. एकीची चूक सगळ्या गाड्यांना कळते. तेव्हापासून या वळणावर प्रत्येक गाडी आपोआप ब्रेक लावायची.

आजची गाडी मात्र सरळ निघून गेली.

"दिवे लागले नाहीत," खातू म्हणाले.

"नवं मॉडेल आहे, काका," शेजारी उभी असलेली शोरूमची नाझनीन म्हणाली. "इतक्या वर्षांत इथे काही घडलं नाही, म्हणून कंपनीने ती जुनी आठवण काढून टाकली. आता उगाच वेग कमी होत नाही."

"बरं. पुन्हा एकदा पाठव."

खातूंनी खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग काढून रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि ते मागे येऊन उभे राहिले. गाडी आली, बॅगेपाशी थांबली, दिवे लागले. त्यांनी फोटो काढला.