क्रोम चढवलेली बंदूक

अंजली मॅडमनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. एक काळी, कोळशात लोळून आल्यासारखी. दुसरी इतकी चकचकीत, की छताचा पंखा तिच्या नळीत फिरताना दिसत होता.

"जोडी आहे?" त्यांनी विचारलं.

"आबांची. म्हणजे आबांच्या आजोबांपासूनची," गणराज म्हणाला. "ठासणीच्या आहेत दोन्ही. चकचकीत आहे ती मी केली. आपल्याच वर्कशॉपमध्ये."

शेवटचं वाक्य त्याने जरा छाती पुढे काढूनच म्हटलं. चिखलीत त्याचं प्लेटिंगचं वर्कशॉप होतं. नळाच्या तोट्यांपासून मोटरसायकलच्या सायलेन्सरपर्यंत काहीही आणून द्या, आरसा करून मिळे. आज मात्र तो चिंचवडला, जुन्या वस्तूंची किंमत ठरवणाऱ्या मॅडमच्या या ऑफिसात, किमतीच्या कागदासाठी आला होता. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत, थोरल्या रणजीतने त्याला विचारलं होतं, "गण्या, बंदुकीचा स्टीलचा डबा करायला कुणी सांगितलं होतं तुला?" तेव्हापासून दोघे भाऊ कामापुरतंच बोलत. आता वाटणीत एकेक बंदूक जायची होती, आणि पहिली निवड थोरल्याची. चकाकीने भाव वाढला, एवढं जरी मॅडमनी कागदावर लिहिलं असतं, तर गणराज काळी घेऊनही शीळ घालत घरी गेला असता.

रणजीत खुर्चीत ताठ बसला होता. मांडीवर पोलीस ठाण्याच्या कागदांची फाइल. तो चाकणच्या एका कंपनीत खरेदी खात्यात होता, आणि वीस वर्षं माल विकणाऱ्यांसमोर बसून त्याचा चेहरा असा झाला होता, की भाव पटला की नाही हे त्याच्या बायकोलाही कळत नसे.

मॅडमनी भिंगातून आधी काळी बंदूक पाहिली. चाप, लाकडी दस्ता, नळीचं तोंड. नळीच्या मुळाशी त्यांचं बोट थांबलं.

"हा कारागिराचा ठसा. आणि हा आकडा, एक. छान राखलीय."

"राखली कसली, कुणी हातच लावला नाही," रणजीत म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

मग त्यांनी चकचकीत घेतली. त्याच जागी भिंग लावलं, नळी फिरवली, पुन्हा लावलं. गणराज खुर्चीच्या कडेवर आला.

"आधी बफ मारलात?"

"तीन वेळा. मग निकल, वर क्रोम. गिऱ्हाइकाला देतो त्याच्या दुप्पट थर दिलाय मॅडम. पन्नास वर्षं गंज नाही."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "काळीचे दोन लाख सहज येतील. ठशासकट जोडी असती, तर पाच म्हणाले असते. हिचा ठसा बफच्या घासण्यात गेला, आकडाही गेला. ही आता शोभेची वस्तू झाली. हिचा भाव मला लिहिता येणार नाही."

पंखा नळीत फिरत राहिला. गणराजने भावाकडे पाहिलं. भावाचा चेहरा खरेदी खात्यातच होता.

"पण केलंत का असं?" मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"दिसावी म्हणून."

"म्हणजे?"

"काचबिंदूने आबांची नजर गेली होती मॅडम. पार नाही, उजेड तेवढा कळायचा. दिवाणावर पडून असायचे. समोरच्या भिंतीवर या दोन. रोज सकाळी विचारायचे, 'गण्या, माझ्या बंदुका कुणी नेल्या रं?' मी उतरवून हातात द्यायचो. चाचपून बघायचे, मग गप व्हायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला आठला वर्कशॉप उघडायचं असायचं. म्हटलं, चकाकवून बघू." तो जरासा हसला. "नेऊन टांगली, तर पडल्यापडल्याच म्हणाले, 'आली व्हय एक?' दुसरी पुढच्या लॉटला घेणार होतो. तेवढ्यात आबा गेले."

"हे मला कधी बोलला नाहीस," रणजीत म्हणाला.

"तू यायचास रविवारी. त्या दिवशी आबा तुझा आवाज ऐकत बसायचे. बंदुकांचं नाव काढत नव्हते."

रणजीतने फाइल उघडली. काही न वाचता मिटली.

"दादा, काळी तू घे," गणराज घाईने म्हणाला. "निवड तुझीच आहे पहिली. आणि हिचं क्रोम उतरवून टाकतो मी. उलटा करंट दिला की निघतं. ठसा काही परत येणार नाही, पण निदान..."

"दिवाण भिंतीपासून किती लांब होता?"

"काय?"

"माप विचारतोय."

"बारा फूट. तेरा असेल."

रणजीत उठला. दोन्ही बंदुका उचलून त्याने खोलीच्या त्या टोकाला, जुन्या लाकडी कपाटाला टेकवल्या. पावलं मोजत मागे आला, पार दारापर्यंत. तिथे त्याने डोळ्यांवरचा जाड चष्मा काढला आणि कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "मग, तुमच्या नावावर कुठली लिहू?"

"काळी याच्या नावावर लिहा," रणजीत म्हणाला. चष्मा हातातच होता. "मला इथून एकच दिसतेय."