दोनांत एक

धोंडुबाईनं तांब्यातून कवडी काढली आणि किंचाळलीच, "तांबडी!" घसा घरघरणाऱ्या लेकाला उचलून ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

घटसर्पाची पोरं सहा, आणि लढाईच्या टंचाईत हाती आलेली इंजेक्शनं दोन. "अर्ध्या इंजेक्शननं कुणीच वाचत नाही. आणि निवड मी करणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. मग बयाबाई आराधिणीनं गळ्यातली देवीची कवड्यांची माळ तोडली. सहा कवड्या अरुंद गळ्याच्या तांब्यात पडल्या. दोन डॉक्टरांच्या तांबड्या शाईत बुडवून वाळवलेल्या, चार पांढऱ्या. काढलेली कवडी पुन्हा आत टाकायची नाही.

पुढं घुसणाऱ्या बायकांना शाळेतल्या शशिकलानंच सांगितलं होतं, "पहिली काय, शेवटची काय, सगळ्यांना सारखीच संधी." गणितानं ते खरं होतं.

"शिकल्याली हाय बाई, मास्तरीणबाईला कशाची घाई!" सुलाबाई फणकारली होती.

शशिकलाच्या कडेवर तिच्या लेकीचा, ताराचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. एक तांबडी गेली. उरल्या पाचांत एक.

केरबानं हात घातला. पांढरी. तो ती उलटीपालटी करून बघत राहिला, जणू दुसऱ्या बाजूला रंग असेल. चारांत एक.

सुलाबाईची पांढरी. "आवं डाक्टर, माजं येकच हाय वो!" तिनं दाराला कपाळ टेकलं. तीनांत एक.

बनुबाई म्हातारीनं नातवाचं तोंड पदरानं झाकलं आणि काढली. पांढरी. ती होती तिथंच बसली.

दोनांत एक. शशिकलाला हायसं वाटलं. तिसऱ्या हिश्शावरून निघालेली आशा निम्म्यावर आली होती. कॉलेजात हेच गणित तिनं फळ्यावर झरझर सोडवलं होतं. तिथं बाजूला कुणी रडत नव्हतं.

मागं उरली हरणाबाई. आटपाडीकडल्या मेंढरांच्या तळावरून पोरीला पाठीशी बांधून चालत आलेली.

"काढा की, मास्तरीणबाई," ती हळूच म्हणाली. "ऱ्हायली ती माजी."

शशिकलानं ताराला बयाबाईकडं दिलं आणि तांब्यात हात घातला. तळाशी दोन कवड्या एकमेकींवर वाजल्या. बोटं एकीवरून दुसरीवर गेली, पुन्हा पहिलीवर आली. मग दोन्ही मुठीत आल्या.

"येकच काढायची, बाई," बयाबाई म्हणाली.

शशिकलानं हात ओढला. मूठ गळ्यात अडकली. तिनं पुन्हा ओढला. घामानं मनगट निसटत होतं, पण मूठ काही सुटत नव्हती.

हरणाबाई पुढं झाली. पाठीवरच्या पोरीला एका हातानं सावरत तिनं दुसऱ्या हातानं तांब्या घट्ट धरला, मास्तरीणबाईला नीट ओढता यावं म्हणून.