उजवीकडे वीस

"आई, मेलेल्या माणसाले एकाच कानानं ऐकू येते काय?"

शाल्मलीनं हे विचारलं ते रविवारी दुपारी, भरल्या ताटावर. वर्गातल्या मुस्काननं पैजच लावली होती : "जेवताना विचारून दाखव, तेबी तुह्या बाबांसमोर. नाही विचारलं तर तू फट्टू. पार बारावीपर्यंत फट्टू!" आता नववीतच एवढा डाग कोण लावून घेईल?

आईच्या हातातली वरणाची पळी तशीच थांबली. बाबांनी मान वर केली नाही.

"जेवताना काय विचारून राह्यली!"

"खरंच विचारते. ताईचा प्लेअर आहे ना, तो..."

ताई. हा शब्द या घरात दोन वर्षांनी उच्चारला गेला. थोरल्या भैरवीनं आपल्या मनानं लग्न केलं आणि ती नेरला राहायला गेली, त्या दिवशी बाबांनी दारव्ह्याच्या या अंगणात, अंगावरच्या कपड्यांनिशी, तिच्या नावानं आंघोळ केली होती. नेर काय, जीपनं तासाभराचं. पण घरापुरती भैरवी मेली. फोटो उतरले, तंबोरा कोणाला तरी देऊन टाकला. तो आगपेटीएवढा प्लेअर तेवढा टेबलाच्या खालच्या खणात राहून गेला होता. सोमवारी कागदाला भोकं पाडायचा पंच शोधताना तो शाल्मलीच्या हाताला लागला.

दोन वर्षं पडलेली वस्तू, चालू कशी होईल? पण बटण दाबलं आणि बॅटरीच्या चारही कांड्या भरलेल्या दिसल्या. आत गाणी नव्हती. भैरवीनं स्वतःच भरून ठेवलेला रियाज होता. शाल्मलीनं इअरफोन घातला तर डावीकडे ठार शांतता. काढून, फुंकून, पुन्हा लावून पाहिला, तेच. मग ती मेनूत शिरली. सेटिंग, तिथून साउंड, तिथून बॅलन्स. पट्टीवरचा ठिपका पार टोकाला गेलेला : उजवीकडे वीस, डावीकडे शून्य. तिनं तो मधोमध आणून ठेवला.

मंगळवारी पुन्हा उजवीकडे वीस. बुधवारीही.

आणि प्लेअर सुरू व्हायचा तो तिनं जिथं थांबवला तिथून नाही. रोज एकाच जागेवरून. वरच्या 'सा'वर भैरवीचा आवाज फाटतो, ती हसत सुटते आणि म्हणते, "बाबा, हसू नका हं! पुन्हा घेते."

"भूत आहे," शाळेत मुस्काननं निकाल दिला. "जित्या माणसाच्या नावानं आंघोळ केल्यावर आणखी काय होईन?"

"पण जित्या माणसाचं कुठे भूत असते?"

"ते तर लय डेंजर!"

दोघी हसल्या होत्या. घरी आल्यावर मात्र शाल्मलीनं खण उघडला तो दोन बोटांनी, पाल उचलावी तसा. संध्याकाळी ती शिकवणीला, आई मंदिरात. घरात काय ते बाबा. पण ज्यांनी आंघोळ केली, त्यांच्यावर संशय कोण घेणार?

"मी रोज मधे आणते, आई, अन् कोणीतरी रोज उजवीकडे नेते. तू नेते काय?"

"मले कुठे समजते त्यातलं?" आईनं विषय तोडला आणि बाबांकडे वळली. "भात वाढू?"

बाबा जेवतच राहिले. आई उठली, ताटाला वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला आली आणि पुन्हा म्हणाली, "भात वाढू?"

"थोडासा."

शाल्मलीचा घास हातातच राहिला. कुठल्याशा मिरवणुकीत कानाजवळ फटाका फुटला तेव्हापासून बाबांचा डावा कान गेलेला. घरात सगळेच त्यांच्याशी उजवीकडून बोलतात. इतकी सवय झाली होती की ते कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. अशा माणसानं इअरफोन लावला तर एकच बोंड कानात जाणार. दुसरं छातीवर लोंबत राहणार, आणि त्यातून ताईचा आवाज बाहेर गळणार. आई मंदिरातून लवकर आली तर? शेजारचं कोणी दारात आलं तर? म्हणून डावीकडे शून्य.

मोबाइलवरचा मेसेज पुढे पाठवायचा तरी बाबा तिला हाक मारायचे. ते एकटेच, कोणाला न विचारता, मेनूतून बॅलन्सपर्यंत पोचले होते.

"बाबा..." ती म्हणाली.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. कचेरीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "त्यात सगळं पुसायची सोय असते. पुसून टाक. कायले पाहिजे घरात?"

भात वाढून झाला तरी आई पातेलं धरून उभीच राहिली.

शाल्मलीनं खिशातून प्लेअर काढला, ताटाशेजारी ठेवला. डाव्या हातानं एकेक बटण दाबत गेली. मेनू. सेटिंग. सिस्टिम. शेवटची ओळ. पडद्यावर प्रश्न आला, तो तिनं मोठ्यानं वाचला.

"सगळं पुसायचं? हो. नाही."

बाबा भात कालवत होते. त्यावर अजून वरण पडलंच नव्हतं, तरी कालवतच होते. कोरड्या भाताची शितं ताटाबाहेर पडत होती.

"बाबा, दाबू काय हो?"

बाबांचा हात थांबला. डोळे त्या इवल्याशा पडद्यावर.

शाल्मलीनं वाट पाहिली. मग प्लेअर बंद केला, हळूच त्यांच्याकडे सरकवला आणि उठून उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"आई, बाबा, येत्या रविवारी मी नेरले जाऊन राह्यली. ताईकडे. विचारत नाही, सांगते. नऊच्या जीपमध्ये तीन जागा धरणार आहे. ज्याले यायचं नसेल, त्यानं जीप सुटायच्या आत सांगावं."