तीसच्या रस्त्यावर तीस

“रस्त्यावर पाटी नाही. मग वेगमर्यादा ताशी तीस मैलांची आहे, हे ओळखायचं कसं?”

रूथबाईंनी वर्गावर नजर फिरवली. हॉटेलच्या मागच्या खोलीत वीस माणसं बसलेली, सगळी जोरात गाडी हाकताना सापडलेली. लायसन्सवर दंडाचे पॉइंट नको असतील तर अडीच तास हा वर्ग करा, अशी सवलत.

“लाइटीचे खांब,” वर्गातल्या गेनरच्या शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला. “पाटी नाही आणि खांब आहेत, म्हणजे तीस. एकतीस वर्षं बस चालवलीय मी.”

“मग इथे कसे आलात, क्लिफ?”

“मासे-चिप्स गार होत होते.”

सगळे हसले. गेनरला हसू आलं नाही. तिच्या लायसन्सवर आधीच नऊ पॉइंट होते. आणखी तीन झाले की लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की काम गेलं. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, कपडे चढवायचे, गोळ्या द्यायच्या. दिवसाला सोळा घरं. बस धरून सोळा घरं होत नाहीत.

रूथबाईंनी फळ्यावर एक रेघ ओढली. “हा दोन मैलांचा रस्ता. तीसऐवजी छत्तीसनं गेलात. किती वेळ वाचला?”

“पाच मिनिटं,” कोणीतरी म्हणालं. “चार,” दुसरा म्हणाला.

“चाळीस सेकंद.” रूथबाई विजयी मुद्रेनं वळल्या. “सांगा बरं, चाळीस सेकंदांत असं काय होतं हो?”

“मोजे होतात,” गेनर म्हणाली.

“काय?”

“मिस्टर ऑल्डरशॉ म्हणून आहेत माझ्या घरांपैकी एक. चाळीस सेकंद हातात असले तर त्यांच्या दोन्ही पायांत मोजे चढतात. नसले तर एकाच.”

रूथबाईंनी हातातले छापील कागद चाळले.

“चहा घेऊ या,” त्या म्हणाल्या.

चहाच्या टेबलाशी क्लिफनं तिला गाठलं. “दाखव बघू तुझं वेळापत्रक, पोरी.”

“पोरी? बावन्नची आहे मी, आजोबा.”

“मग पोरीच की. दाखव.”

तिनं फोन पुढे केला. साडेसात ते पावणेआठ, मिसेस प्रिडी. पावणेआठ ते आठ, मिस्टर ऑल्डरशॉ. क्लिफनं चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला.

“हिच्या घरापासून त्याचं घर किती?”

“दोन मैल.”

“मग मधला रस्ता कुठाय?”

“कंपनीच्या कागदावर रस्ता नसतो.”

“कागदावर नसू दे. रस्त्यात जाणारा वेळ कापतेस कुणाच्या वेळातून?”

गेनर म्हणाली, “त्यांच्या. मोज्यांच्या.”

क्लिफनं बिस्कीट चहात बुडवलं. “आमचं वेळापत्रक करणारा साहेब असाच. बसमध्ये कधी बसलेला नाही. आम्ही काय केलं ठाऊक आहे?”

“संप.”

“छे! संप केला असता तर घरी बसवलं असतं. आम्ही नियम पाळला. तीसच्या रस्त्यावर तीस. म्हातारी सीटवर टेकेपर्यंत बस हलवायची नाही. नियम पाळला म्हणून हाकलता येतं का कुणाला? सगळं गाव बस स्टॉपवर उभं. पाचव्या दिवशी नवं वेळापत्रक आलं, रस्त्यासकट.”

“तुमच्या लोकांना उशीर झाला की ते शिव्या देत होते. माझी माणसं ओल्या कपड्यांत बसून राहतील.”

“आज कोरडी बसतात?”

गेनरला तोंडावर चपराक बसल्यासारखं झालं. बिस्किटाचा बुडवलेला तुकडा क्लिफच्या कपात पडला. तो बोटानं काढायला लागला.

“उशीर झाला की ऑफिसला फोन लावायचा,” तो कपातच बघत म्हणाला. “दर घरामागे एक फोन. वाजू दे तिकडे. सगळ्यांनी मिळून केलं तरच पण. एकटीनं केलंस तर फक्त तू हळूबाई.”

गेनरच्या कंपनीतल्या आठ बायकांचा फोनवर एक गट होता. गेनरनं त्यात लिहिलं: आत्तापासून तीसच्या रस्त्यावर तीस. मोजे दोन्ही पायांत. उशीर झाला की प्रत्येक वेळी ऑफिसला फोन.

चहा संपेपर्यंत सहा जणींचं ‘हो’ आलं. सातवी रुतेंडो. तिनं वाचलं होतं, उत्तर दिलं नव्हतं. रुतेंडो झिम्बाब्वेची. तिचा व्हिसा कंपनीच्या मुठीत; नोकरी गेली की देश सोडायचा. दोन वर्षांत तिनं ऑफिसमध्ये कुणाला ‘नाही’ म्हटलेलं गेनरनं ऐकलं नव्हतं. तिला कोणत्या तोंडानं दोष द्यायचा?

“फोन बंद करा,” रूथबाई म्हणाल्या.

साडेबाराला वर्ग सुटला. सगळे गाड्यांकडे धावले. वेगाच्या वर्गातून सुटलेली माणसं, आणि घाई बघा. गेनर शेवटी निघाली.

रस्त्यावर पाटी नव्हती. खांब होते. दहा वर्षं रोजच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर एवढे खांब आहेत, हे तिनं आज बघितलं. काटा तीसवर. मागच्या व्हॅनवाल्यानं दिवे मारले, मग हॉर्न, मग हातवारे. मार बाबा, हवे तेवढे.

समोरच्या चढावर एक लाल गाडी दिसली. सावकाश येत होती. तिच्या मागे दोन ट्रक, एक बस, आणि पार टेकडीमागून वळत आलेली गाड्यांची वरात. सगळ्यांचे हॉर्न एकदम, वाजंत्रीसारखे.

लाल गाडी जवळ आली. आत रुतेंडो पाठ ताठ करून बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गेनर दिसताच तिनं स्टिअरिंगवरून एक बोट सलामीसारखं उचललं.

तिच्या गाडीचा तीसचा वेग तसूभरही बदलला नाही.