लॅपटॉपचे लाड

घरात इकडची काडी तिकडे न करणारा नवरा आज सकाळपासून लॅपटॉप पुसत बसला होता. आधी तो बंद करून चार्जर काढला, मग बटणांच्या फटींतला चुरा ब्रशने झाडला आणि आता किंचित ओलसर, मऊ फडकं स्क्रीनवरून हळुवार फिरवत होता. भांड्यांच्या ढिगाशी एकटीच झुंजणाऱ्या बायकोचा पारा चढला.

“आजवर कधी साधी फुंकर मारली नाहीस त्याच्यावर, आणि आजच कुठून एवढा उमाळा आला? ऊठ, भांडी तरी विसळ!”

“एवढं होऊ दे गं.”

“का? लॅपटॉप काय पळून जातोय?”

 

“सोमवारी परत करायचाय,” तो मान वर न करता म्हणाला. “नोकरी गेली माझी. स्वच्छ करून आणा, म्हणालेत.”