अर्धविरामाचा धडा

मुलीच्या जागेवर बाप येऊन बसला, तेव्हा वर्गातल्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या.

सिद्धलिंग सरांनी खडू खाली ठेवला. "आपण कोण?"

"मलप्पा. महानंदाचा बाप. चाकूरजवळ किराणा दुकान हाय माझं."

"ती का येत नाही?"

"पान्याला गेलीया."

सरांनी मान हलवली. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या, इंग्रजी टायपिस्ट हवेत म्हणून गावोगावच्या मुली एसटीनं त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला येऊ लागल्या होत्या. यंदा विहिरी तळाला गेल्या आणि पाडव्यापासून निम्मे बाक रिकामे झाले. कारण विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर.

"मग तुम्ही इथं कशाला?"

"सेमीकोलन आन् कोलन. तेवढं तिचं राहिलंय. मी निजामाच्या राज्यात मॅट्रिकपोतर शिकलोय. शिकवा, जमंल मला."

सरांना वाटलं, हा इथं शिकणार आणि घरी जाऊन पोरीला शिकवणार. त्यांनी त्याला बसू दिलं.

मलप्पा दर बाजाराच्या दिवशी दुकान मिटून येई. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवी आणि फळ्यावरची नजर हलवत नसे.

"दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी हवीत," सर सांगत. "मध्ये पूर्णविराम दिला तरी चालेल, इतकी पुरी. पण एकमेकांना धरून असली, की सेमीकोलन, म्हणजे अर्धविराम."

"म्हंजे पहिलं संपलं तरी दुसरं त्याला सोडत न्हाई."

"हाव," सर म्हणाले. त्याचीच बोली त्यांच्या तोंडी आली. "आणि कोलन म्हणजे पुढं काय येणार, ते सांगायचा शब्द देणं. एकदा दिला की पुढं ते यायलाच हवं."

मलप्पानं हे दोनदा पुटपुटून घेतलं.

मग स्वतःची वाक्यं करायला सांगितल्यावर तो फळ्याशी गेला आणि त्यानं लिहिलं: She took two things: a rope and a pot.

"बरोबर. दोर आणि घागर. आता सेमीकोलन."

मलप्पानं त्याखाली लिहिलं: She did not argue; she went.

"शाबास," सर म्हणाले. ती हुज्जत न घालता गेली. एवढ्याशा वाक्यात एकही चूक नव्हती.

वर्ग सुटल्यावर सरांनी त्याला थांबवलं. "मलप्पा, रागावू नका. महानंदा हुशार आहे. पाणी तुम्ही आणा, तिला इकडं पाठवा."

मलप्पाची मान खाली गेली. "तेवढं चुकलंच, सर."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चूक कबूल करणारा बाप त्यांना क्वचितच भेटला होता.

त्या दिवशी तो सरांच्या पाया पडून गेला, तो पुन्हा आला नाही. परीक्षा जवळ आली. महानंदाचं प्रवेशपत्र वर्गाच्या पत्त्यावर येऊन पडलं. पोरीचं वर्ष जायला नको म्हणून सर स्वतःच एसटीत बसले.

गावात भर दुपारी टँकरभोवती भांडणं चालली होती. दुकान बंद होतं. ओट्यावर मलप्पाची बायको मल्लम्मा बसली होती. सरांनी नाव सांगितलं, तशी ती पदर सावरून उठली.

"महानंदाला बोलवा. परीक्षा जवळ आली आहे. मलप्पांनी तिचं राहिलेलं सगळं शिकून घेतलंय."

मल्लम्मा पुन्हा ओट्यावर बसली.

"पोरगी शिमग्यातच गेली, सर. हिरीत पडली. तुमचंच पुस्तक घेऊन बसली होती त्या दिशी. येवढं समजून घेते मग जाते, म्हनत होती." तिनं बंद दाराकडं पाहिलं. "ह्येनी म्हनले, आदी पानी आन, मग मी बी बसतो तुझ्यासंगं शिकायला."