तिसरा दिवा

बशीर मिस्त्रीने आज नरहरकाकांच्या गाडीच्या इंजिनाला कानच लावला नाही. पिशवीतून चार दिव्यांची डबी काढली आणि तिचे चिमटे चारही प्लगांच्या वायरींना अडकवले.

"नवीन टेस्टर आहे, काका. वायरीतून ठिणगीचा करंट गेला की दिवा लुकलुकतो. मारा सेल्फ!"

पहिला लुकलुकला.
दुसरा लुकलुकला.
तिसरा गप्प.
चौथा लुकलुकला.

नरहरकाकांनी सेल्फची किल्ली सोडली. तिसरी वायर त्यांनीच सकाळी जराशी उपसून ठेवली होती, रबराखाली दिसणार नाही अशी. अधूनमधून ते असंच काहीतरी करून ठेवत. मग बशीर दुपारभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसे, दोनदा चहा होई आणि एकट्या घरात बोलणं चालू राही.

बशीरने रबर वर सरकवलं. वायर पाहिली, मग काकांची काळी झालेली बोटं पाहिली. वायर दाबून बसवली.

"चहा टाकतो," काका घाईने म्हणाले.

"आज नको, गॅरेजवर गाड्या खोळंबल्यात." जाता जाता तो थांबला. "काका, वायरी कशाला उपसता? नुसता फोन करत जा की."

रविवारी काकांनी फोन हातात धरून बराच वेळ शब्द जुळवले. मग लावला.

"बोला काका, गाडीला काय झालं?" मागे हातोड्याचे घाव पडत होते.

"काही नाही रे. गाडी छान चालते."

"मग झकास! काही बिघडलं की सांगा."